प्रोजेक्ट चालतो, पण कसा चालतो?

संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमातील शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा हा एक ठरीव सोहळा असतो. काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरे छापलेला प्रोजेक्ट रिपोर्ट, बाहेरून आलेले परीक्षक आणि पडद्यावर ग्रंथालय, रुग्णालय किंवा वसतिगृह यांच्या व्यवस्थापनाचे एखादे वेब ॲप्लिकेशन. विद्यार्थी लॉगिन करतो, एक नोंद भरतो, ती यादीत आल्याचे दाखवतो. सारे सुरळीत पार पडते. मग परीक्षक विचारतात, 'तुम्ही पहिल्या पानावर नाव आणि पासवर्ड दिलात. आता तुम्ही तिसऱ्या पानावर आहात. येथेही तुम्हीच आहात, दुसरे कोणी नाही, हे सर्व्हरला कसे समजले?' सराईतपणे चाललेले सादरीकरण अडखळते ते नेमके येथे.

प्रश्न खोडसाळ नाही. वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय, याचे निम्मे उत्तर त्यात दडलेले आहे. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचे अर्ज, विजेची बिले अशी असंख्य कामे आज ब्राउझरच्या खिडकीतून होतात. ही खिडकी बांधणाऱ्यांपैकी अनेक जण बीसीए, बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स), बीएस्सी (आयटी), एमसीए किंवा अभियांत्रिकीच्या वर्गांतून बाहेर पडलेले असतात. त्या वर्गांत हा विषय जसा शिकवला जातो आणि प्रत्यक्ष कामात तो जसा भेटतो, यांतील अंतर म्हणूनच केवळ गुणपत्रिकेपुरते राहत नाही.

चपलांचा बिल्ला

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे दुकाने किंवा बँका नव्हत्या. शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रे सहज वाचता यावीत, एवढाच हेतू होता. म्हणून ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषणाचा नियम, म्हणजे एचटीटीपी, अत्यंत साधा ठेवला गेला. ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी त्याच ब्राउझरने दुसरे पान मागितले, तर सर्व्हरच्या लेखी तो पूर्णपणे नवा पाहुणा असतो. कागदपत्रे वाटण्यासाठी हा विसराळूपणा सोयीचाच होता. कोणाचीच आठवण ठेवावी लागत नसल्याने सर्व्हरवरचा भार हलका राही.

अडचण आली ती वेबवर दुकाने उघडल्यावर. ग्राहकाने पहिल्या पानावर एक वस्तू निवडली, दुसऱ्या पानावर दुसरी. दोन्ही निवडी एकाच माणसाच्या आहेत, हे सर्व्हरला कळणार कसे? नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यावर जो उपाय काढला, त्याला 'कुकी' म्हणतात.

ही युक्ती समजायला देवळाबाहेरचे चपलांचे दुकान पुरेसे आहे. चपला सांभाळणारा कोणाचाही चेहरा लक्षात ठेवत नाही. तो क्रमांकाचा बिल्ला देतो आणि त्याच क्रमांकाच्या खणात चपला ठेवतो. परत आल्यावर भक्ताने बिल्ला दाखवला, की चपला मिळतात. लॉगिन झाल्यावर सर्व्हरही असाच एक क्रमांक तयार करतो, तो कुकीत घालून ब्राउझरकडे देतो आणि आपल्याकडच्या खणात 'हा क्रमांक अमुक वापरकर्त्याचा' अशी नोंद ठेवतो. यालाच 'सेशन' म्हणतात. यापुढे प्रत्येक पान मागताना ब्राउझर निमूटपणे तो बिल्ला दाखवत राहतो. परीक्षकांच्या प्रश्नाचे हे उत्तर.

पण उत्तर येथे थांबत नाही. ज्याच्या हाती बिल्ला, त्याच्या चपला. बिल्ल्यांचे क्रमांक ४१, ४२, ४३ असे ओळीने असतील, तर ४१ क्रमांकवाल्याला ४२ चा खोटा बिल्ला बनवायला वेळ लागणार नाही. म्हणून सेशनचा क्रमांक लांबलचक आणि अंदाज न बांधता येणारा असावा लागतो. बिल्ला वाटेत कोणी पाहू नये म्हणून सारा व्यवहार एचटीटीपीएसच्या आच्छादनाखाली व्हावा लागतो. चपला घेऊन झाल्यावर बिल्ला रद्द व्हावा लागतो. लॉगआउटच्या बटणाने केवळ पहिले पान उघडून उपयोग नाही, सर्व्हरवरचा खणही रिकामा व्हायला हवा. एका प्रश्नाच्या पोटातून असे पाच-सहा प्रश्न निघतात आणि तोच खरा अभ्यासक्रम असतो.

आता याच भागावरचा परीक्षेतील लाडका प्रश्न पाहा : 'गेट आणि पोस्ट यांतील फरक लिहा.' गेटमध्ये माहिती पत्त्याच्या पट्टीत दिसते, पोस्टमध्ये दिसत नाही. गेटला लांबीची मर्यादा असते, पोस्टला नसते, असा तक्ता पाठ केला की गुण मिळतात. खरा फरक बहुधा तक्त्याबाहेर राहतो. गेट म्हणजे फक्त वाचणे. त्याने सर्व्हरवरची कोणतीही गोष्ट बदलता कामा नये, असा संकेत आहे. तो मोडला तर काय होते, हे २००५ मध्ये दिसले. पाने लवकर उघडावीत म्हणून गुगलने 'वेब ॲक्सिलरेटर' नावाचे साधन आणले होते. ते उघडलेल्या पानावरच्या दुव्यांमागील पाने वापरकर्त्याने मागण्याआधीच आणून ठेवी. काही ॲप्लिकेशनमध्ये 'नोंद पुसा' हाही साधा दुवाच होता. साधनाने तो प्रामाणिकपणे उघडला आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. हा प्रसंग वर्गात सांगितला, तर तक्ता पाठ करण्याची गरज उरणार नाही.

आलेल्या प्रत्येक अक्षराची झडती

वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट फार लवकर उमगावी लागते. ब्राउझर परक्याच्या ताब्यात असतो. वय १८ पेक्षा कमी भरले तर लाल अक्षरांत सूचना दाखवणारी जावास्क्रिप्टची ओळ विद्यार्थी अभिमानाने दाखवतात. ती सौजन्य म्हणून ठीक आहे, पहारा म्हणून नाही. ब्राउझरमधील तपासणी बंद करणे किंवा ब्राउझरला वगळून सर्व्हरला थेट मजकूर पाठवणे हे काही मिनिटांत जमणारे काम आहे. तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा व्हायलाच हवी.

बटण लपवणे हादेखील असाच एक गैरसमज. सामान्य वापरकर्त्याला 'गुण बदला' हे बटण दिसत नाही. पण त्या बटणामागचा पत्ता त्याने हाताने टाइप केला तर पान उघडते. किंवा स्वतःची गुणपत्रिका पाहताना पत्त्याच्या शेवटी ४१ दिसले, तेथे ४२ लिहिले की शेजाऱ्याची गुणपत्रिका समोर येते. वेबसुरक्षेच्या क्षेत्रात 'ओवास्प' या संस्थेची दहा मोठ्या धोक्यांची यादी प्रमाण मानली जाते. २०२१ च्या यादीत पहिला क्रमांक होता तो याच जातीच्या चुकांचा. त्या करायला फार हुशारी लागत नाही आणि शोधायलाही लागत नाही.

त्याआधीच्या याद्यांत, २०१० पासून २०१७ पर्यंत, 'इंजेक्शन' हा प्रकार अग्रस्थानी होता. त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन. प्रोग्रॅम डेटाबेसला एक वाक्य पाठवतो : 'ज्याचे नाव अमुक आणि ज्याचा पासवर्ड तमुक, त्याची नोंद दे.' अमुक आणि तमुक या जागी वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला जातो. समजा, कोणी पासवर्डच्या चौकटीत अवतरणचिन्हाची खुबी वापरून 'काहीतरी, अथवा एक बरोबर एक' अशा अर्थाचा मजकूर लिहिला. एक बरोबर एक हे नेहमीच खरे असल्याने अट सर्वांनाच लागू होते आणि दार उघडते. वापरकर्त्याने भरलेली माहिती प्रोग्रॅमच्या वाक्यात शिरून आज्ञा बनते, हा या दोषाचा गाभा. उपाय जुना आणि सोपा आहे. रिकाम्या जागा ठेवून वाक्य आधी पाठवायचे आणि माहिती मागाहून वेगळी द्यायची. याला 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' म्हणतात.

दोष माहीत आहे, उपाय माहीत आहे, तरीही तो राहून जातो. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधील 'टॉकटॉक' या दूरसंचार कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच मार्गाने चोरीला गेली. तेथील माहिती आयुक्तांनी पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड केला. या दोषाची जाहीर चर्चा १९९८ पासून होत आली होती. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे नावाच्या चौकटीतील मजकूर सरळ वाक्यात चिकटवणारा नमुना जुन्या पाठ्यपुस्तकात किंवा जर्नलमध्ये दिसला, तर शिक्षकांनी त्यावर लाल रेघ मारायला हवी. तो नमुना विद्यार्थी नोकरीतही सोबत नेतो.

एक खुर्ची, दोन तिकिटे

नाट्यगृहाचे तिकीट आरक्षण हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला सुचणारा स्वाभाविक प्रोजेक्ट. तो एकाच संगणकावर, एकाच माणसाने तपासलेला असतो. म्हणून एक गोष्ट कधी ध्यानातच येत नाही. रविवारच्या प्रयोगाची आठव्या रांगेतील बारावी खुर्ची दोघांनी एकाच सेकंदाला निवडली तर? प्रोग्रॅम आधी विचारतो, 'खुर्ची रिकामी आहे का?' दोघांनाही 'हो' असे उत्तर मिळते. मग दोघांच्याही नावे नोंद होते, दोघांचेही पैसे कापले जातात आणि भांडण द्वारपालाच्या वाट्याला येते.

विचारणे आणि नोंदवणे ही दोन पावले मिळून एकच अखंड कृती झाली पाहिजे, मध्ये तिसऱ्याला शिरकाव नको. डेटाबेसच्या भाषेत याला 'ट्रान्झॅक्शन' म्हणतात. शिवाय एका प्रयोगाला एका खुर्चीची एकच नोंद असू शकते, असा निर्बंध डेटाबेसवरच घालता येतो. मग प्रोग्रॅम चुकला तरी डेटाबेस दुसरी नोंद नाकारतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधारित डेटाबेसच्या विचारावर ही सारी इमारत उभी आहे आणि विद्यार्थी ती शिकतातही. पण दुसऱ्या सत्रात, दुसऱ्या पेपरात, दुसऱ्या शिक्षकांकडून. ॲटोमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरेबिलिटी हे चार शब्द तेथे पाठ होतात. वर्षभराने प्रोजेक्ट करताना ते चार शब्द आणि ही खुर्ची यांची गाठ कोणी घालून देत नाही.

दुखणे येथेच आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. नेटवर्क हा एक पेपर, डेटाबेस दुसरा, सुरक्षा तिसरा आणि वेब चौथा. वेब ॲप्लिकेशन हा मात्र या चारही रस्त्यांचा चौक आहे. 'वेब' नावाच्या पेपरात एचटीएमएलचे टॅग आणि एखाद्या भाषेची वाक्यरचना शिकवून झाली, की अभ्यासक्रम संपतो आणि चौकातली वाहतूक विद्यार्थ्याने नोकरीत, दुसऱ्याच्या खर्चाने शिकायची असते.

'श्री'चे बारा बाइट

या चौकात मराठी विद्यार्थ्यासाठी एक खास वळण आहे. इंग्रजी नावांवर तपासलेले ॲप्लिकेशन मराठी नाव भरताच डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हांची रांग उभी करते. कारण संगणकासाठी अक्षर म्हणजे क्रमांक, आणि तो क्रमांक कोणत्या पद्धतीने लिहायचा हे ब्राउझर, सर्व्हर आणि डेटाबेस या तिघांनी एकमताने ठरवावे लागते. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत मूळची मांडणी पश्चिम युरोपीय लिपीसाठी होती. ती बदलायची राहिली, की देवनागरी गेली.

'श्री' हे आपल्याला एक अक्षर दिसते. युनिकोडमध्ये ते श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा चार चिन्हांचे असते, आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन याप्रमाणे त्याचे बारा बाइट होतात. नावाच्या चौकटीला 'वीस अक्षरे' अशी मर्यादा घालताना ही अक्षरे कोणत्या अर्थाने मोजायची, हे ठरवल्याशिवाय गत्यंतर नाही. यादी अकारविल्हे लावतानाही तसेच. केवळ युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावलेल्या यादीत 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो आणि 'क्ष' 'क'च्या घरात जाऊन बसतो. आपल्या वर्णमालेत दोघेही 'ह'नंतर येतात. मराठी दैनिकांची संकेतस्थळे वाचण्यासाठी एके काळी वाचकाला प्रत्येकाचा वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे, ते दिवस जुन्या वाचकांना आठवत असतील. युनिकोडने तो जाच संपवला. पण त्यामागचे गणित आपोआप सुटत नाही. ते कोणीतरी शिकावे लागते.

शिळे होणारे आणि टिकणारे

अभ्यासक्रम जुने असतात, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार. ती खोटी नाही. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी (आयटी)च्या २०१६ मध्ये लागू झालेल्या रचनेत पहिल्या वर्षी 'वेब प्रोग्रॅमिंग' आणि तिसऱ्या वर्षी 'ॲडव्हान्स्ड वेब प्रोग्रॅमिंग' असे स्वतंत्र विषय होते, पहिल्यात पीएचपी आणि दुसऱ्यात एएसपी डॉट नेट. तेवढ्या अवधीत उद्योगाने रिॲक्ट आणि नोड यांची वाट धरली होती. विद्यापीठाची मंडळे काही वर्षांतून एकदा अभ्यासक्रम बदलतात आणि साधने त्याहून लवकर बदलतात.

परंतु तक्रारीचा रोख जरा तपासून पाहावा. जावा ॲपलेट एके काळी अभ्यासक्रमात मानाने विराजमान होते, आज ते ब्राउझरमधून हद्दपार आहेत. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. २०१० मध्ये आलेले आणि मधल्या काळात नोकरीची हमी समजले गेलेले अँग्युलरजेएस २०२२ च्या उंबरठ्यावर निवृत्त झाले. त्या त्या वर्षी 'अद्ययावत' असलेला अभ्यासक्रम पदवी हाती पडेपर्यंत शिळा होऊ शकतो. याउलट एचटीटीपीचा मागणी-पुरवठ्याचा नियम, कुकी, ट्रान्झॅक्शन, प्रिपेअर्ड स्टेटमेंट या गोष्टी त्या साऱ्या साधनांच्या आधीच्या आणि आजही कामाच्या. विद्यापीठांनी या क्षेत्राला जे दिले, तेही याच स्वरूपाचे आहे. वेब घराघरांत नेणारा 'मोझॅक' हा ब्राउझर १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील केंद्रात तयार झाला. आज ज्या 'रेस्ट' पद्धतीची प्रत्येक मुलाखतीत विचारणा होते, तिची मांडणी रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील पीएच.डी. प्रबंधात केली.

चांगला अभ्यासक्रम कसा असू शकतो, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन पदवी कार्यक्रमात 'मॉडर्न ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट' हा विषय दोन भागांत आहे. पहिल्या भागात पायथॉनच्या फ्लास्कवर छोटे, पण पूर्ण ॲप्लिकेशन, दुसऱ्यात ब्राउझरकडची बाजू आणि पडद्यामागे चालणारी कामे, आणि दोन्हींना जोडून स्वतंत्र प्रोजेक्ट. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात पीएचपी आणि मायएसक्यूएलचे धडे विनामूल्य मिळतात. तेथील अनेक धडे मराठी निवेदनासह आहेत. हेलसिंकी विद्यापीठाचा 'फुल स्टॅक ओपन' हा अभ्यासक्रमही कोणालाही विनाशुल्क खुला आहे. अर्थात तो इंग्रजीतून वाचावा लागतो आणि स्वाध्याय टाळून पुढे जाण्यात काही हशील नाही.

तयार प्रोजेक्टचा बाजार आपल्याकडे जुना आहे. शहरातील मोठ्या महाविद्यालयांच्या आसपास 'प्रोजेक्ट मिळेल' अशा पाट्या वर्षानुवर्षे दिसत आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून त्या पाटीकडे जाण्याचीही गरज राहिलेली नाही. ग्रंथालय व्यवस्थापनाचे चालते ॲप्लिकेशन आता काही मिनिटांत लिहून मिळते आणि पुष्कळदा ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लिखाणापेक्षा नीटनेटके असते. नुसत्या चालत्या प्रोजेक्टला गुण देण्याचे दिवस त्यामुळे संपल्यात जमा आहेत. परीक्षकाकडे उरतो तो प्रश्न विचारण्याचा अधिकार : येथे कुकी दाखवा, ही ओळ काढली तर काय होईल ते सांगा, दोन ब्राउझर उघडून एकच खुर्ची घेऊन दाखवा. विद्यार्थ्यानेही सरावाला येथूनच सुरुवात करावी. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबून 'नेटवर्क' हा भाग उघडला, की प्रत्येक मागणी, प्रत्येक उत्तर आणि सोबत जाणारा तो बिल्ला डोळ्यांसमोर येतो.

शेवटची पायरी मात्र बहुतेक महाविद्यालयांत राहूनच जाते. प्रोजेक्ट प्रयोगशाळेतील संगणकावर जन्मतो आणि तेथेच त्याची अखेर होते. बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या सर्व्हरवर तो चढवायला महिन्याकाठी काहीशे रुपये लागतात. चार मित्रांनी मिळून ते सहज भागते. चढवल्यावर पत्ता कोणालाही कळवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हरची नोंदवही उघडून वाचावी. त्यात अनोळखी यंत्रांनी रात्रभर ठोठावलेली दारे दिसतील. आपण कधी बसवलेच नाही त्या वर्डप्रेसचे प्रवेशपान मागितलेले असेल, डेटाबेसच्या पासवर्डची फाइल मागितलेली असेल, आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ दिलेली असेल, पहाटे ३ वाजून १२ मिनिटे, ३ वाजून १३ मिनिटे.